‘कोलॅटरल मर्डर’ : शीर्षक, दृश्य आणि नीतिप्रश्न

१२ जुलै २००७ रोजी बगदादमध्ये अमेरिकी हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबारात रॉयटर्सचे नमीर नूर-एल्दीन व सईद श्माघ यांच्यासह अनेक जण मारले गेले. रॉयटर्सला मागूनही न मिळालेले त्याचे चित्रण चेल्सी मॅनिंग यांनी उघड केले आणि एप्रिल २०१० मध्ये विकिलीक्सने ते ‘कोलॅटरल मर्डर’ या नावाने प्रसिद्ध केले.

‘कोलॅटरल डॅमेज’ या लष्करी संज्ञेतील साळसूदपणा हे शीर्षक उघडा पाडते. मात्र दृश्य पाहण्यापूर्वीच निवाडाही देऊन टाकते. संपादित आवृत्तीत पत्रकारांकडे निर्देश केला आहे, समूहातील काहींजवळच्या शस्त्रांकडे नाही. अर्थात, संपूर्ण फीतही सोबत प्रसिद्ध केली होती, हे नमूद करणे न्याय्य ठरेल.

तथापि या आक्षेपाने लष्कराचा बचाव होत नाही. चित्रणाचा नैतिक गाभा पहिल्या गोळीबारात नसून व्हॅनच्या प्रसंगात आहे. जखमी श्माघ यांना उचलून नेऊ पाहणाऱ्या निःशस्त्र माणसांवर, रीतसर परवानगी घेऊन, गोळ्या झाडल्या गेल्या. आतील दोन मुले जखमी झाली. त्यावर, मुलांना लढाईत आणणाऱ्यांचाच हा दोष, अशा आशयाचे सैनिकाचे उद्गार ऐकू येतात. लष्करी चौकशीत ही कृती नियमांना धरून ठरली. या व इतर गोपनीय सामग्रीच्या उघडकीबद्दल मॅनिंग यांना २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. ती २०१७ मध्ये कमी करण्यात आली.