काँगो रेडची काचपट्टी: एक वाचन

मूत्रपिंडाच्या बायोप्सीची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली आहे. रुग्णाच्या लघवीतून प्रथिने वाहून जात आहेत, पायांवर सूज आहे. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंजनात ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशिकांच्या पुंजक्यांत, फिकट गुलाबी, एकजिनसी पदार्थ साचलेला दिसतो. त्यात ना पेशी, ना केंद्रके. अमायलॉइडची, म्हणजे ऊतींत साचणाऱ्या विकृत प्रथिनाची, शंका येते. पण इतर काही आजारांतले साठेही असेच गुलाबी दिसतात, त्यामुळे एवढ्यावर निदान करता येत नाही.

मग त्याच ऊतीचा दुसरा काप घ्यायचा, जरा जाड, आठ ते दहा मायक्रॉनचा. फार पातळ कापात रंग फिका पडतो. काँगो रेड हा मुळात सुती कापडाचा रंग, 1880च्या दशकात जर्मनीत तयार झालेला. तो अमायलॉइडला धरून बसतो हे बेनहोल्ड यांनी 1922 मध्ये दाखवले. साध्या प्रकाशात साठा तांबूस दिसतो. ध्रुवीकृत प्रकाशात भोवतालचे सारे काळे पडते आणि त्या काळोखात सफरचंदी हिरवा रंग उजळतो. दिव्री आणि फ्लोर्किन या बेल्जियन संशोधकांनी 1927 मध्ये टिपलेली ही खूण आजही निदानाचा आधार आहे.

या हिरव्या रंगाचे मोल त्याच्या कारणात आहे. कोहेन आणि कॅल्किन्स यांना 1959 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अमायलॉइडमध्ये बारीक, फाटे नसलेले तंतू दिसले. इन्स आणि ग्लेनर यांनी 1968 मध्ये क्ष-किरणांनी त्यांची आतली रचना उलगडली: चुकीच्या घड्या पडलेल्या प्रथिनांच्या पट्ट्या तंतूच्या लांबीला काटकोनात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, एकावर एक रचलेल्या. रंगाचे रेणू या रचनेत शिस्तीने बसतात, म्हणून प्रकाश हिरवा होतो. गुलाबी रंजनात जे निराकार वाटले, ते मुळात विलक्षण नियमबद्ध होते. या काचपट्टीचे सारे सौंदर्य मला या उलगड्यात दिसते.

मात्र प्रथिन कोणते, हे हा हिरवा रंग सांगत नाही. तीसहून अधिक प्रथिने असे तंतू बनवू शकतात. एएल प्रकारात अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींनी बनवलेल्या, प्रतिपिंडांच्या हलक्या साखळ्या साचतात आणि केमोथेरपीसारखे उपचार त्या पेशींवर होतात. एटीटीआर प्रकारात मुख्यतः यकृतात बनणारे ट्रान्सथायरेटिन साचते. तिथे केमोथेरपीचा उपयोग नाही, तिचा त्रास मात्र होतो. एए प्रकार दीर्घकाळच्या दाहातून येतो. भारतात क्षयरोग हे त्याचे महत्त्वाचे कारण राहिले आहे. रक्ततपासणीवरून प्रकार ठरवणेही धोक्याचे, कारण वृद्धांच्या रक्तात निरुपद्रवी हलक्या साखळ्या असू शकतात आणि त्याच वेळी हृदयात ट्रान्सथायरेटिन साचलेले असू शकते. म्हणून साठ्याचा नेमका तुकडा लेझरने कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीने प्रथिन ओळखतात.

आपल्या माणसाच्या अहवालात ‘अमायलॉइड’ हा शब्द आला, तर तेवढ्यावर थांबू नका. प्रकार कोणता आणि तो कशावरून ठरवला, हे डॉक्टरांना उपचार सुरू होण्याआधी विचारा.