कलाटणीचा धक्का कोणाला बसतो?

मोपासाँची हिऱ्यांच्या हाराची कथा (‘ला पारूर’, १८८४) शिकवायला सोयीची. तास संपायच्या आत ती संपते आणि शेवटच्या वाक्याला वर्ग हमखास ‘अरेरे’ म्हणतो. मीही ती वर्षानुवर्षे तशीच शिकवत आलो. मतिल्द ही शिक्षण खात्यातल्या कारकुनाची बायको. तिला श्रीमंतीत मिरवण्याची हौस. मंत्र्याकडच्या समारंभासाठी ती मैत्रिणीचा हार मागून आणते, तो हरवतो. नवरा-बायको ३६,००० फ्रँकांचा तसाच हार घेऊन परत करतात. कर्ज फेडता फेडता दहा वर्षे जातात, आणि शेवटी कळते की मूळचा हार खोट्या खड्यांचा होता, फार तर ५०० फ्रँकांचा. तात्पर्य: खोट्या हौसेची शिक्षा. हे तात्पर्य नीट लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देत असे.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, त्यांच्या घरी कामाला होती त्या पोरीचं पुढं काय झालं?”

कुठली पोर? मला आठवेना. पुस्तक उघडून पाहिले. आरंभी एक आहे खरी: ब्रिटनीकडची, खेड्यातली, घरकाम करणारी. तिला पाहून मतिल्दला आपले घर आणखीच हलके वाटते. पुढे कर्ज अंगावर येताच मोलकरणीला काढून टाकले, एवढेच एक तोकडे वाक्य. त्यानंतर तिचा पत्ता नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलीची आई चार घरची धुणीभांडी करते, हे मला मागाहून समजले. माझ्या आईनेही तेच केले. तरीही तो प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. पदव्या घेता घेता मी कोणाच्या डोळ्यांनी वाचायला शिकलो, याचा विचार त्या दिवसापासून सुरू झाला.

मतिल्दची शिक्षा म्हणजे नेमके काय? भांडी घासणे, कपडे धुणे, सांडपाणी रस्त्यावर नेऊन टाकणे, मजल्यामजल्यावर दम खात वर पाणी चढवणे, बाजारात पैशापैशासाठी घासाघीस करून बोलणी खाणे. मोपासाँने हे सारे फार नेमके टिपले आहे. तिचे हात राठ झाले, आवाज मोठा झाला, रूप गेले. वाचक हळहळतो. पण हळहळ कशाची? काल हेच काम ती खेड्यातली पोर करीत होती, तेव्हा ती शिक्षा नव्हती, तो तिचा जन्म होता. एकीचे रोजचे जगणे दुसरीला प्रायश्चित्त म्हणून दिले जाते, आणि हे विचित्र आहे असे कोणालाच वाटत नाही. कलाटणीच्या कथेचे बळ इथेच आहे आणि खोटही इथेच आहे. शेवटचा तडाखा इतका जोराचा असतो, की मधे कोण चिरडले गेले याची चौकशी राहून जाते.

मोपासाँवर मात्र अन्याय नको. तो स्वतः काही वर्षे सरकारी कचेरीत कारकून होता, नवऱ्याची ओढाताण त्याला आतून ठाऊक होती. शिवाय त्याच शेवटात आणखी एक गोष्ट त्याने ठेवून दिली आहे, जी माझ्या उत्तरसूचीत कधी आलीच नाही. मंत्र्याच्या समारंभात खोट्या खड्यांना कोणी ओळखले नाही. पुढे खरे हिरे दहा वर्षे घरात असून मालकिणीनेही ओळखले नाहीत. परत आलेली पेटी तिने उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. म्हणजे खोटे काय होते? हार की ती सगळी प्रतिष्ठा? सावकार, जवाहिऱ्या, खोटा हार असल्याचे न सांगणारी मैत्रीण, यांतल्या कोणाच्या दुर्गुणाचा निवाडा कथा करीत नाही. दहा वर्षे भरली ती कारकुनाच्या घराने.

आपल्याकडे दुर्गुण म्हटले की षड्रिपू आठवतात. ते प्रत्येकाच्या आत बसलेले, म्हणून ज्याचा त्याने जिंकावे. हा हिशेब सोयीचा आहे, कारण मग बाहेर पाहावे लागत नाही. टॉलस्टॉयची ‘माणसाला किती जमीन लागते?’ (१८८६) घ्या. पाखोम हा थोडक्या जमिनीचा शेतकरी. गुरे शेजारच्या बाईसाहेबांच्या शेतात गेली की कारभारी दंड करतो, म्हणून त्याला जमीन हवी. ती मिळते, तसतशी भूक वाढते. बाश्कीर लोकांच्या मुलखात हजार रूबलला एका दिवसात पायी घेरता येईल तेवढी जमीन, अशी बोली होते. सूर्यास्ताला तो धावत पोचतो आणि कोसळून मरतो. साडेतीन हात जागा पुरते, हा शेवटचा टोला. पाखोम स्वतः मालक झाल्यावर शेजाऱ्यांना कोर्टात खेचतो, हेही टॉलस्टॉयने दाखवले आहे. कथा मोठी आहे, यात वाद नाही.

पण ती लिहिणारा यास्नाया पोल्यानाचा जमीनदार होता, आणि दंड करणारा कारभारी पहिल्या पानांनंतर निसटतो. ज्यांच्या बापजाद्यांच्या नावे सातबाऱ्यावर ओळ नाही, त्यांना साडेतीन हातांचे तत्त्वज्ञान कोण ऐकवतो? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. ती हाव होती काय? बुद्धाने तृष्णेला दुःखाचे मूळ म्हटले हे खरे, पण दारिद्र्याचे गोडवे गायले नाहीत, हे बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये (१९५७) स्पष्ट केले आहे. पुढे चेखॉवनेही ‘गूजबेरीज’मध्ये (१८९८) आपल्या पात्राकडून बजावले, की तेवढी जागा प्रेताला पुरते, माणसाला नव्हे. गंमत अशी, की तिथे तो झोडपतो तो हावऱ्या मालकालाच.

ओ. हेन्रीबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. त्याची एकच कथा सांगतो. हिवाळ्यात तुरुंगाची ऊब मिळावी म्हणून एक बेघर माणूस नाना गुन्हे करतो, पोलीस त्याला धरत नाहीत. चर्चमधले सूर ऐकून सुधारायचे ठरवतो, तेव्हा नुसता उभा आहे म्हणून धरतात. वाचक चकित होतो. पारध्याच्या पोराला ही गोष्ट सांगा. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला, पण नुसते उभे राहिल्याबद्दल धरले जाणे त्याच्या घरात नवे नाही. तो म्हणेल, पुढे काय?

धक्का बसायला वाचकाचा जगावर भरवसा असावा लागतो. म्हणूनच बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेची रचना मला मोलाची वाटते. उसना हार दडवणे आणि जात दडवणे, दोन्हीकडे गुपितच आहे. पण बागुलांनी ते शेवटासाठी राखून ठेवलेले नाही, शीर्षकातच फोडले आहे. ‘चोरी’ हा शब्दही तिथेच नायकाच्या माथी आहे. वाचकाला सारे ठाऊक, कथेतल्या माणसांना नाही. त्यामुळे उत्सुकता नाही, नुसती धास्ती. उघडे पडते तेव्हा चकित होतात ते मान देणारेच, आणि मार सुरू होतो. दुर्गुण कोणाचा, हे सांगायला लेखकाला तात्पर्य लागत नाही.

ही कथा आमच्या अभ्यासक्रमात नाही. हाराची कथा संपली, की तासानंतर थांबतील त्यांना मी ती वाचून दाखवतो. तिथे ‘अरेरे’ कोणी म्हणत नाही. काही जण खिडकीबाहेर पाहतात. काही जण मान खाली घालून बसतात, आणि ते कोण, हे मला न विचारता कळते.