शब्द वाजवणारा गज

प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनवर ओळखीचं भावगीत सुरू झालं, की थोड्याच वेळात आपण मनातल्या मनात शब्द म्हणू लागतो. समोर गायक नाही, तरी ओळ कुठे मोडली, कुठला शब्द दुसऱ्यांदा आला, सगळं कळतं. त्यांच्या कार्यक्रमाचं ‘गाणारं व्हायोलिन’ हे नाव अक्षरशः खरं होतं.

ही किमया मुख्यतः उजव्या हाताची, गजाची. व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर सलग सरकणं, सहज निघते आणि डाव्या हाताचं कौतुक आपण भरभरून करतो. पण नुसत्या मींडेतून स्वर मिळतात, शब्द मिळत नाहीत. शब्दाला सुरुवात लागते, तोल लागतो, शेवट लागतो. जोग एका गजात तेवढाच मजकूर घेतात, जेवढा गायक एका श्वासात घेईल. गज उलटतो तो शब्द संपल्यावर. शब्दाच्या पोटात सांधा येत नाही. कठोर व्यंजनापाशी गज तारेवर जरा दाबून निघतो, मृदू अक्षरापाशी अलगद टेकतो. जोडाक्षरावरचा तो बारीकसा आघात तर पुन्हा पुन्हा ऐकावा असा.

हे कुठून आलं? जोगांचा (1932–2021) काळ पाहिला तर उलगडा होतो. बालपणी पुण्यातल्या वाड्यांमधून सव्वा रुपया आणि नारळ या बिदागीवर त्यांनी व्हायोलिन वाजवलं. शिक्षण मिळालं ते गजाननराव जोशी आणि नारायणराव मारुलकर यांच्याकडून. गजाननराव स्वतः गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. अशा गुरूकडे वाद्य गळ्यापासून वेगळं राहणारच नाही. पुढे गायक-संगीतकार सुधीर फडके यांच्याबरोबरची दीर्घ साथ. 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणातही त्यांचं व्हायोलिन होतं.

साथीबरोबरच जोग वाद्यवृंदातही वाजवत, आणि वाद्यवृंदातल्या व्हायोलिनवादकाला फार कडक शिस्त पाळावी लागते. रांगेतले सगळे गज एकाच दिशेने चालायला हवेत, आपला आवाज शेजाऱ्यात मिसळायला हवा. मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत ही शिस्त प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी आणली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं ठळक नाव. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. गोव्याची मंडळी पाश्चात्त्य स्वरलेखनात वाढलेली, जोग रागसंगीतात. पण गायकाला जागा कशी द्यायची, हे दोन्हीकडच्या वादकांना वाद्यवृंदातच शिकावं लागलं. माझ्या मते जोगांच्या एकलवादनाचं मोठेपण याच शिक्षणात आहे. वर्षानुवर्षं ज्यानं गायकाच्या श्वासाकडे कान लावला, त्याला गायक नसतानाही तो श्वास ऐकू येतो.

त्यांनी स्वतः बांधलेली, यशवंत देवांच्या शब्दांची ‘स्वर आले दुरुनी’ ही चाल या अंगाने ऐकावी. फडके गातात, पण चालीचा पिंड व्हायोलिनचा आहे. स्वर एकमेकांना धरून सरकतात, लांबवलेला स्वर सुटा पडत नाही, आणि कुठेही घाई नाही.

पण हे सारं ऐकायला वाद्यवृंद पाहिलेलाच असायला हवा असं नाही. झरी जामणीसारख्या तेलंगणाच्या सीमेवरच्या तालुक्यात व्हायोलिनची रांग मांडून बसलेला वाद्यवृंद कोण पाहणार? तिथे हे वाद्य पोचलं ते मुख्यतः रेडिओतून, गाण्याच्या आगेमागे वाजत. म्हणून तिथल्या श्रोत्याला जोग ऐकायला वेगळी तयारी लागत नाही. राग ओळखता आला नाही तरी चालतं. गाणं पाठ असलं, की गजाचं प्रत्येक उलटणं त्याला शब्दासकट कळतं.