अंगवळणी पडलेला प्रमाद

प्रमादी माणसे निराळी आणि आपण निराळे, ही समजूत फार जुनी आहे व मनाला सुखावणारीही आहे. समाजशास्त्राने तिला एकामागून एक धक्के दिले. एमील द्यूरकेम यांनी १८९५ साली असे प्रतिपादिले की, ज्या अर्थी गुन्हा प्रत्येक समाजात आढळतो, त्या अर्थी तो समाजाच्या स्वाभाविक स्थितीचाच एक भाग मानला पाहिजे. समाज जी उद्दिष्टे सर्वांपुढे ठेवतो त्यांच्या प्राप्तीची साधने मात्र सर्वांस देत नाही, आणि ह्या तफावतीतून विचलन उद्भवते, असे रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली दाखविले. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ साली, विचलन हा कृतीचा अंगभूत गुण नसून इतरांनी तिच्यावर मारलेला शिक्का होय, असा सिद्धान्त मांडला. परंतु ह्या तिन्ही विचारांत नियम एका बाजूस आणि त्यापासून ढळणारा दुसऱ्या बाजूस, अशी मांडणी आहे. जेथे सर्वजण नियम पाळीत आहेत आणि तरीही अनर्थ ओढवतो, तेथे काय म्हणावे? डायन वॉन ह्या अमेरिकन विदुषींनी १९९६ साली चॅलेंजर यानाच्या उड्डाणाविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे महत्त्व ह्या प्रश्नात आहे. आणि त्याच अनुषंगाने आम्ही त्याचा येथे विचार करणार आहो.

मूळ घटना थोडक्यात अशी. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले व त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. क्रिस्टा मॅकऑलिफ ही शिक्षिका त्यांतीलच एक. अग्निबाणाच्या सांध्यांत बसविलेल्या रबरी कड्या थंडीने ताठरल्या आणि तप्त वायू बाहेर फुटला. आदल्या रात्री दूरध्वनीवरून झालेल्या बैठकीत अग्निबाण बनविणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उड्डाण करू नये असा सल्ला दिला होता. कंपनीच्या व्यवस्थापकांनी त्याच बैठकीत तो फिरविला. उड्डाणाच्या वेळी तापमान ३६ अंश होते. साहजिकच लोकांनी असे मानले की, वेळापत्रकाच्या हव्यासापायी जाणूनबुजून नियम धाब्यावर बसविले गेले.

वॉन यांनीही प्रारंभी हेच गृहीत धरले होते. परंतु दप्तरांतील कागदपत्रे बारकाईने तपासल्यावर त्यांस निराळेच चित्र दिसले. जे नियमभंग वाटले होते, त्या नियमांनीच घालून दिलेल्या सवलती होत्या. कड्यांची झीज १९८१ सालच्या दुसऱ्या उड्डाणातच आढळली होती. मूळ आराखड्यात ती अपेक्षित नव्हती. पण यान सुखरूप परतले. चौकशी झाली, कारण नोंदले गेले, आणि धोका पत्करण्याजोगा आहे असा शेरा पडला. पुढे झीज वाढली तेव्हा तिची तुलना आराखड्याशी न होता मागील शेऱ्याशी होऊ लागली. शाळा चालविणाऱ्यांस ही रीत परकी वाटू नये. छप्पर एका पावसाळ्यात गळते आणि निभावते. पुढील वर्षी तेवढे गळणे हेच प्रमाण ठरते, आणि त्याहून थोडे अधिक गळले तर तेवढ्या थोड्याचीच काय ती चर्चा होते. ह्यात कोणी लबाडी करीत नाही. प्रत्येकाने आपल्यापुरते काम चोखच केलेले असते.

येथवर वॉन यांचे विवेचन आम्हांस निरुत्तर करते. आमचा मतभेद पुढे सुरू होतो. संस्थेची संस्कृती माणसाची दृष्टी घडविते हे खरे. पण वॉन यांच्या निरूपणात ती दृष्टी जणू पूर्णच बांधून टाकते, आणि बैठकीतील निर्णय अटळ वाटू लागतो. आकड्यांवाचून काहीही ऐकून न घेणाऱ्या संस्थेत अभियंत्यांचा पुरावा तोकडा पडला, हे वॉन यांचे म्हणणे योग्य आहे. ७५ अंशांच्या उबदार दिवशीही वायू गळल्याचे उदाहरण त्यांच्याविरुद्ध उभे होते. परंतु चौकशी आयोगाने नंतर सर्व उड्डाणे एकत्र मांडली, तेव्हा ६६ अंश व त्यावरील २० उड्डाणांपैकी केवळ ३ मध्ये कड्यांना इजा झालेली दिसली, आणि ६३ अंश व त्याखालील चारही उड्डाणांत ती दिसली. हे आकडे दप्तरातच होते. ते कोणी एकत्र मागितले नाहीत. शिवाय रॉजर बोइझोली ह्या अभियंत्याने जुलै १९८५ मध्येच जीवितहानीचा लेखी इशारा दिला होता. तोही त्याच संस्कृतीत वाढलेला होता. तेव्हा दिसणे अशक्य नव्हते, दुष्कर होते. वॉन यांनी कोणास निर्दोष ठरविलेले नाही हे मान्य करूनही आम्हांस वाटते की, दुष्कर आणि अशक्य ह्यांतील अंतर त्यांच्या लेखणीने पुरेसे जपले नाही. आणि व्यक्तीच्या जबाबदारीला जागा आहे ती नेमकी त्याच अंतरात.

तथापि त्यांच्या सिद्धान्ताची सत्यता पुढील घटनेनेच पटविली. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर भंगले. कल्पना चावला त्यातच होत्या. इंधनटाकीवरील फेसाचे तुकडे यानावर आदळणे, हेही अनेक उड्डाणांत घडून गेल्याने देखभालीची किरकोळ बाब ठरले होते. त्या चौकशीच्या अहवालाने वॉन यांच्या विचाराचा आधार घेतला. सतरा वर्षांत माणसे बदलली होती, कामाची रीत तीच राहिली होती.

अखेर परिभाषेविषयी दोन शब्द. वॉन यांच्या मुख्य संकल्पनेस ‘विचलनाचे सामान्यीकरण’ असा शब्द सहज सुचतो. पण मराठीत सामान्यीकरण म्हणजे अनेक उदाहरणांवरून नियम काढणे, आणि त्यामुळे विद्यार्थ्यांचा घोटाळा होईल. आम्ही ‘अंगवळणी पडलेले विचलन’ असे सुचवितो. अंगवळणी पडणे ह्या प्रयोगात काळाचा संथ क्रम आहे आणि कर्त्याचे अनवधानही आहे. शिवाय अंगवळणी पडलेली सवय प्रयत्नाने मोडताही येते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. वॉन यांच्या ग्रंथात जी बाजू आम्हांस उणी वाटली, ती ह्या साध्या मराठी शब्दात अनायासे आली आहे. परिभाषा ठरविणाऱ्या अभ्यासकांनी त्याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.