बटण कुणाच्या हाती?

बी.एड.ला असताना आम्हांला पाठ टाचण काढावे लागे. एका रकान्यात शिक्षकाचे प्रश्न, शेजारच्या रकान्यात विद्यार्थ्यांची ‘अपेक्षित उत्तरे’. एखाद्या पोराने तिसरेच उत्तर दिले की सारे टाचण कोलमडे. भाच्याबरोबर ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम खेळताना मला ते रकाने आठवले.

हा गेम आपल्या पुण्यातला. नॉडिंग हेड्स गेम्स या इथल्या छोट्या संस्थेने तो २०२० साली आणला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवतात आणि ती त्याच्या शोधात निघते. मधला कथाभाग छायाबाहुल्यांच्या पद्धतीने येतो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तो परका वाटणार नाही. मात्र बाहुल्या आल्या की खेळणाऱ्याचे हात रिकामे. कॅमेराही गेमनेच धरलेला. मान वळवून मागे पाहावे म्हटले तर सोय नाही.

भाचा कुरकुरला, “मामू, हा गेम आपल्यालाच खेळवतोय!”

त्याचा पिंड पबजीवर पोसलेला. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा घरात सुतक होते. अलीकडे तो ‘इंडस’ खेळतो. तोही पुण्याचाच, सुपरगेमिंगचा, २०२४ मध्ये आलेला. विरलोक नावाच्या बेटावर कुठे उतरावे, कुणाला गाठावे, कुणाला टाळावे, सगळे आपल्या मर्जीचे. जिंकण्याच्याही वाटा दोन: शेवटपर्यंत जिवंत राहा, नाहीतर कॉस्मियम हस्तगत करा. भाच्याच्या मते गेम म्हणावा तर हा.

मला ते पटत नाही. उर्दूतली ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही दास्तान लखनौच्या नवल किशोर प्रेसने १८८० च्या दशकात छापायला घेतली. अशा दास्तानींत तिलिस्म तोडणाऱ्या शूराच्या हाती ‘लौह’, म्हणजे अक्षरे उमटणारी पाटी असते. पुढचे पाऊल कोणते ते ती सांगते; तिला न विचारता हात चालवला की शूर अडकलाच. वाट आधीच लिहिलेली, तरी श्रोते जागेवरून हलत नसत. पाऊल टाकायचे ते शूरानेच ना! राजीतले उत्तम प्रसंग याच जातीचे आहेत. भिंतीवरून धावणे, खांबाला गिरकी घेऊन शत्रूवर झेपावणे हे तिच्या पेशातूनच आलेले. जागा ठरलेली, पण गिरकी कधी सोडायची ते आपले बोट ठरवते, आणि चुकले तर आपणच आपटतो. इंडसमध्ये अख्खे बेट मोकळे आहे, पण तिथे मी कुणालाच शोधत नसतो.

लिहिलेली वाट डाचते ती दुसऱ्याच जागी. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ (२००९) मधला विमानतळाचा प्रसंग घ्या. खेळणारा हा दहशतवाद्यांच्या टोळीत शिरलेला हेर. निःशस्त्र प्रवाशांवर त्याने गोळी नाही झाडली तरी चालते. पण म्होरक्यावर झाडली की डाव फसला, पुन्हा पहिल्यापासून. हा प्रसंगच वगळण्याची मुभा गेम देतो, तेवढीच काय ती मोकळीक. काहींना हे धाडसी लेखन वाटते. मला तो अपेक्षित उत्तरांचा रकाना वाटतो. बंदूक हाती द्यायची आणि जे एक काम करावेसे वाटते तेच चूक ठरवायचे. वर्गात “सर, असंच का?” विचारणाऱ्याला मीही कैकदा खाली बसवले आहे, म्हणून हे जास्त लागते.

राजीही शेवटी तिथेच घसरते. महाबलासुराशी झुंज होईपर्यंत हात आपले; पुढे कथा घाईने आटोपते, तुटल्यासारखी. ज्या भावासाठी इतके तास धावलो त्याच्यासाठी आपल्याला करायला काहीच उरत नाही. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत पात्रे हिंदीतही बोलू लागली, ते ऐकायला मला आवडले. भाच्याने मात्र तोवर कंट्रोलर सतरंजीवर ठेवून दिला होता.