शेवटच्या प्रकरणाचे वाङ्मय

दिवाळी अंकात पुस्तकांवर टीका लिहावयाची, असा रिवाज आहे. मी यंदा ज्या वाङ्मयावर लिहिणार आहे त्याला ना बांधणी, ना किंमत, ना प्रकाशकाचे दोन शब्द. ते दिवसातून दहा वेळा खिशात थरथरते. मोबाईलवरच्या सूचना आपण सारेच वाचतो. मग टीकाकाराने तेवढ्याच बाबतीत सोवळे का पाळावे?

डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. तेथे विनोद कांबळीने सचिन तेंडुलकरचा हात घट्ट धरून ठेवला, ते चित्रण मी पाहिले. खोटे कशाला सांगू, तीनदा पाहिले. यंत्राला हळहळ आणि हौस यांतला फरक कळत नाही. बोट कोठे थांबले एवढेच ते मोजते. तेव्हापासून माझ्या मोबाईलला कांबळीचा ध्यास लागला आहे.

या सूचनांची शैली मोठी चमत्कारिक. कर्ता जागेवर असतो, क्रियापद मात्र पळालेले. त्याच्या जागी तीन टिंबे. वर्गात एखाद्या मुलाने असे वाक्य लिहिले, तर मी त्याखाली तांबडी रेघ ओढीन. उत्कंठेने वाक्य उघडावे, तर जुनीच हकीकत नवे कपडे घालून उभी! उत्सुकता वाढविणे हा कथाकाराचा धर्मच आहे. पण कथाकार ते कर्ज शेवटी फेडतो. हे वाङ्मय नुसते कर्ज काढते.

परंतु माझा खरा आक्षेप भाषेवर नाही, रचनेवर आहे. शोकांतिकेला आधी उंची लागते. शिखर दाखविल्यावाचून दरीची खोली कळत नाही. ह्या सूचना कादंबरीचे शेवटचे प्रकरण तेवढे फाडून दारोदार वाटतात. आधीची प्रकरणे काय सामान्य होती? फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमाच्या दोन पोरांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. त्यांत सचिनच्या ३२६ आणि विनोदच्या ३४९, दोघेही नाबाद. शिवाय विनोदने गोलंदाजीत ६ बळी घेतले. १९९३ साली वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, लगेच दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७, मग श्रीलंकेत १२५ आणि १२०. सतरा कसोट्यांत १०८४ धावा, सरासरी ५४.२०. शेवटची कसोटी १९९५ मध्ये. तेव्हा त्याचे वय अवघे तेवीस!

मार्च १९९६ मध्ये कलकत्त्याच्या उपांत्य सामन्यात आठ बाद १२० वर प्रेक्षकांनी खेळ बंद पाडला आणि कांबळी १० धावांवर नाबाद असताना रडत परतला. ते अश्रू सर्वांना ठाऊक आहेत. नाबाद होता, हे किती जणांना आठवते?

दुसरा दोष असा की, ह्या वाङ्मयात त्याला स्वतःचे असे नावच नाही. तो सदैव ‘सचिनचा मित्र’. दोन माणसांची तराजूत तुलना करून एकाला धडा बनविणे ही वाईट कादंबरीकाराची खोड. मीही हे पाप केले आहे, म्हणून ओळखतो.

परवा सातवीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत विचारले, “सर, ते आजारी असतात ते कांबळी पूर्वी काय करायचे?” मी चपापलो. तीनदा चित्रण पाहणारा मी, त्या मुलाच्या अज्ञानाला माझाही हातभार होताच. फळ्यावर मी ओळीने चार आकडे लिहिले: २२४, २२७, १२५, १२०. खाली लिहिले, १९९३.

पोरगा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “एवढं सगळं एकाच वर्षात? मग हे कुणी पाठवत कसं नाही?”

घंटा झाली. फळा मी दुसऱ्या दिवसापर्यंत पुसला नाही.