गुप्त नव्हे, संक्षिप्त

सदाशिव पेठेतल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत मोर्सचे यंत्र पुष्कळदा मांडलेले दिसते. प्लायवुडच्या तुकड्यावर पत्र्याच्या पट्टीची कळ, दोन सेल आणि एक बझर. मागे टिंबांचा आणि रेघांचा तक्ता, त्यावर ठळक अक्षरांत ‘गुप्त संदेश यंत्र’. यंत्र बहुधा चांगले वाजते. मुलांनी सोल्डरिंग स्वतः केलेले असते, त्याचे आम्हांला कौतुकच वाटते. आमची तक्रार आहे ती त्या ठळक अक्षरांबद्दल, आणि तक्त्यात जे कधीच नसते त्याबद्दल.

मोर्स गुप्त नाही. रेडिओवर पाठवलेला मोर्स ज्याच्याकडे ग्राहक आणि तयार कान आहे अशा कोणालाही कळतो. हौशी रेडिओचालकांना, म्हणजे ‘हॅम’ मंडळींना, तर गुप्तता वर्ज्यच आहे. दोन देशांतील हौशी केंद्रांनी अर्थ झाकण्यासाठी संदेश सांकेतिक करू नये, असे आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमच सांगतात. तरीही ही मंडळी ‘क्यूटीएच’, ‘क्यूआरएम’, ‘७३’ असले काहीतरी सतत पाठवत असतात. ते कशासाठी, हा प्रश्न तक्त्यापुढे उभ्या असलेल्या मुलाला पडायला हवा. पण हे संक्षेप तक्त्यावर नसतातच, मग पडणार कसा?

उत्तर गणितात आहे. एका टिंबाचा वेळ १ मात्रा धरला, तर रेघ ३ मात्रांची. एका अक्षरातल्या दोन खुणांमध्ये १ मात्रा थांबायचे, दोन अक्षरांमध्ये ३ आणि दोन शब्दांमध्ये ७. निरोप घेताना ‘बेस्ट रिगार्ड्‌स’ हे इंग्रजी शब्द पूर्ण पाठवले तर ९३ मात्रा लागतात. त्याच अर्थाचा ‘७३’ पाठवायला २९. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगात एक मात्रा म्हणजे एक दशांश सेकंद, म्हणून सुमारे सव्वानऊ सेकंदांचे काम तीन सेकंदांत होते. शिवाय ७ म्हणजे दोन रेघा व तीन टिंबे, ३ म्हणजे तीन टिंबे व दोन रेघा. ‘७३’ पुढून ऐका किंवा मागून, ताल तोच. खरखरीतूनही तो कानाला ओळखू येतो.

क्यू-संकेतांचा विचार याहून खोल आहे. १९१२ च्या लंडन परिषदेत ते आंतरराष्ट्रीय झाले. क्यू हे अक्षर मोर्समध्ये लांबलचक आहे, त्याला १३ मात्रा लागतात. बचतच करायची तर मग तेच का घेतले? इंग्रजीत क्यूने सुरू होणारे शब्द थोडे, आणि त्यांतही पुढे बहुतेक यू येतो. त्यामुळे क्यूने सुरू होणारा त्र्यक्षरी गट साध्या शब्दाशी गोंधळत नाही. कोणत्याही देशाच्या केंद्राचे नावही क्यूने सुरू होत नाही. थोडा वेळ खर्चून संदिग्धता टाळली आहे. ‘क्यूआरएस’ म्हणजे सावकाश पाठवा. पुढे प्रश्नचिन्ह आले की अर्थ होतो, सावकाश पाठवू का? पुण्यातला नवशिका जपानी चालकाला हे सांगू शकतो, दोघांना एकमेकांची भाषा येत नसली तरी. आणि ते सांगण्यात कमीपणाही नाही, कारण समोरच्याच्या वेगाला उतरणे ही हॅम मंडळींची रीतच आहे.

मराठी शिक्षकाला हे परके वाटू नये. ‘शि. सा. न. वि. वि.’ हे काय आहे? शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. ‘मु. पो.’, ‘ता. क.’, ‘अ. उ. आ.’ ही त्याच जातीची. सदाशिव पेठेतच, १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. त्या काळच्या कागदांत तारखेआधी नुसता ‘छ’ येतो. छ म्हणजे चंद्र, आणि पुढे मुसलमानी महिन्याची तारीख. लिहिणाऱ्या कारकुनाला आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक होते. मोडीलाही आपल्याकडे उगाच ‘गुप्त लिपी’ म्हणतात. ती भरभर लिहिण्याची लिपी होती. वाचणारे उरले नाहीत म्हणून आज ती गूढ झाली. आजीचे जुने कार्ड हातात घेतलेल्या नातवाला ‘शि. सा. न. वि. वि.’ही आता तसेच गूढ वाटते.

एखाद्या तक्त्यावर चुकून संक्षेप येतात तेव्हा त्यांचे अर्थ ठोकून दिलेले असतात. ‘एसओएस म्हणजे सेव्ह अवर सोल्स’ हे तर हमखास. १९०६ च्या बर्लिन परिषदेत हा संकेत ठरला तो तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे अशा न चुकणाऱ्या तालासाठी. मध्ये अक्षरांची फट न सोडता तो सलग एकच खूण म्हणून वाजवतात. शब्द मागाहून चिकटवले गेले.

संक्षेप निर्दोष आहेत असेही नाही. पुरुष चालक कोणत्याही वयाचा असो, तो ‘ओएम’, म्हणजे ‘म्हातारबुवा’. आणि स्त्री सत्तरीची असली तरी ‘वायएल’, म्हणजे ‘तरुणी’. पत्नीसाठी तर ‘एक्सवायएल’, जणू लग्न झाले की तारुण्य सरले! क्यू-संकेत परिषदेत बसून ठरले, हे मात्र पुरुषांच्या अड्ड्यावर रुजले, आणि तो वास त्यांना अजून येतो. मुलींपुढे हे शब्द ठेवताना शिक्षकांनी तेही बोलून दाखवावे.

यंत्र तेच ठेवून प्रयोग बदलता येईल. दोन मुलांना दोन खोल्यांत बसवावे. ‘पाणी संपले’, ‘दोन जखमी’, ‘पुन्हा सांगा’ असे दहा निरोप द्यावेत आणि आधी पूर्ण शब्दांत पाठवून वेळ मोजावा. मग मुलांनी स्वतःच दहा संक्षेप ठरवावेत आणि पुन्हा वेळ मोजावा. तिसऱ्या फेरीत रेडिओची खरखर मोठ्याने लावावी. फार आखूड केलेले संक्षेप तिथे एकमेकांत मिसळू लागतील, आणि मुले आपणहून एखादे टिंब वाढवू लागतील. ठरलेली यादी दारावर सर्वांना दिसेल अशी लावावी, म्हणजे वाटेने जाणाऱ्या चौथीच्या मुलालाही निरोप वाचता येईल.